पाणी मोजायचं कसं? प्रायोगिक द्रायुयामिकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी फ्लुइड मेकॅनिक्सची लॅब बघतो. प्रॅक्टिकलच्या प्रत्येक बॅचमध्ये तेच प्रश्न येतात, आणि आता मुलांच्या घरूनही फोन येतात. इथल्या बहुतेक मुलांच्या घरी विहीर, बोअर, ठिबक यांपैकी काहीतरी आहे, त्यामुळे लॅबमधलं शेतात लावून बघायची ओढ असते. ते प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सूत्रांच्या सिद्धता पुस्तकात सापडतील. इथे भर मोजण्यावर आहे.

‘द्रायू’ म्हणजे काय? आणि त्यात ‘प्रायोगिक’ असं वेगळं कशाला?

द्रव आणि वायू या दोघांना मिळून मराठीत द्रायू म्हणतात, आणि त्यांच्या शास्त्राला, म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्सला, द्रायुयामिकी. पाणी, हवा, तेल, काकवी, सगळे द्रायू. वाहत्या द्रायूची समीकरणं दोनशे वर्षांपासून माहीत आहेत, पण ती कागदावर पूर्णपणे सुटतात अशी उदाहरणं मोजकीच: सरळ गोल नळीतला संथ प्रवाह, दोन सपाट पाट्यांमधला प्रवाह, अशी. नळीला एक एल्बो लावला, पाटात एक दगड आला, की कागद थांबतो आणि मोजपट्टी हातात घ्यावी लागते. आज कॉम्प्युटरवर बरंच काही काढता येतं, पण ते उत्तर खरं आहे की नाही हे तपासायला शेवटी कुणीतरी पाणी मोजलेलं असावं लागतं.

वडील म्हणतात, बोअरला दोन इंच पाणी लागलं. म्हणजे किती?

सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, म्हणून याला सगळ्यात जास्त जागा देतो.

‘दोन इंच पाणी’ याचे गावात दोन वेगळे अर्थ चालतात आणि त्यात जवळजवळ चौपट फरक आहे.

पहिला अर्थ खाचेचा. बोअरची गाडी पाणी बाहेर फेकत असताना ते पाणी मातीच्या चारीतून वाहू देतात आणि चारीत आडवा पत्रा लावतात. पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी ९० अंशांची खाच असते. खाचेच्या टोकापासून पाण्याची पातळी जितके इंच वर, तितके ‘इंच पाणी’. आमच्या लॅबमधला व्ही-नॉच तो हाच. त्याचं सूत्र सांगतं की विसर्ग हा उंचीच्या अडीचाव्या घाताप्रमाणे वाढतो. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा अडीचावा घात काढा, त्याला साधारण १.४ ने गुणा, की घनमीटर प्रति सेकंद मिळतात. हिशोब केला तर एक इंच म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे ताशी सुमारे २,९००, अडीच इंच म्हणजे ५,१००, आणि तीन इंच म्हणजे ८,००० च्या आसपास. इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटीपेक्षा जास्त होतं. ‘दोन इंचाच्या जागी तीन इंच, म्हणजे दीडपट’ असं समजून मोटार आणि पाइप घेतले की सगळं चुकतं. प्रत्यक्षात ते पावणेतीन पट असतं.

दुसरा अर्थ पाइपाचा: दोन इंची पाइप भरून पाणी पडतं. इथे नुसत्या व्यासावरून काहीच कळत नाही, धारेचा वेग हवा. तो काढायची सोपी रीत अशी. पाइपाचं तोंड अगदी आडवं करा. तोंडातून निघालेली धार बरोबर ३० सेंटिमीटर खाली येईपर्यंत आडवी किती लांब गेली ते मोजा. ३० सेंटिमीटर पडायला पाण्याला सुमारे पाव सेकंद लागतो. धार ४० सेंटिमीटर लांब गेली असेल तर वेग झाला साधारण सेकंदाला १.६ मीटर. पाइपाचा आतला व्यास ५ सेंटिमीटर धरला तर सेकंदाला ३ लिटरच्या वर, म्हणजे ताशी ११,००० लिटरच्या पुढे.

एकाच शिवारातले दोन शेतकरी ‘दोन इंच’ म्हणतात. एकाच्या मनात २,९०० लिटर असतात, दुसऱ्याच्या ११,०००. त्यावर कर्ज काढलं जातं, मोसंबीची बाग लावली जाते. म्हणून गाडीवाल्याला पहिला प्रश्न विचारा: खाचेत मोजलं की नजरेनं? आणि कॉम्प्रेसर सुरू असताना दिसलेलं पाणी हे बोअरचं कायमचं पाणी नव्हे. मोटार टाकल्यावर काही तास सलग चालवून पुन्हा मोजा, आणि जमलं तर मे महिन्यात आणखी एकदा.

बादली आणि घड्याळाने मोजलेलं चालतं का?

चालतं, आणि मला ती सगळ्यात विश्वासाची पद्धत वाटते. लॅबमधल्या मोजटाकीत आपण तेच करतो: ठरावीक आकारमान, लागलेला वेळ, भागाकार. तिच्यात वरच्या १.४ सारखा कुठलाही गुणांक नाही, म्हणूनच बाकीची उपकरणं तिच्यावर पारखून घेतात.

फक्त वेळ पुरेसा घ्या. घड्याळ दाबताना हात पाव सेकंद इकडेतिकडे होतोच. १० लिटरची बादली ४ सेकंदांत भरत असेल तर तेवढ्यानेच सहा टक्के चूक झाली. तिथे २०० लिटरचा ड्रम ठेवला तर ८० सेकंद लागतील आणि तीच चूक अर्ध्या टक्क्याच्या आत येईल. बादलीवर लिहिलेले लिटरही एकदा मापाने भरून तपासा.

पेपरात येतं ते ‘क्युसेक’ आणि ‘टीएमसी’ यांत फरक काय?

क्युसेक म्हणजे पाणी किती वेगाने जातंय: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. टीएमसी म्हणजे पाणी एकूण किती: एक हजार दशलक्ष घनफूट. एक म्हणजे रस्त्यावरच्या गाडीचा वेग, दुसरं म्हणजे तिने कापलेलं अंतर. सप्टेंबरात नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरत आला की दोन्ही आकडे एकाच बातमीत येतात आणि लोक त्यांची बेरीज करतात.

दोघांना जोडणारा एक आकडा पाठ करून ठेवा: ११,५७४ क्युसेक सलग २४ तास चालले की १ टीएमसी होतो. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. एक लाख क्युसेक विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीपेक्षा जास्त पाणी गोदावरीत जातं. १०,००० लिटरच्या टँकरांत सांगायचं तर सेकंदाला २८३ टँकर.

आणि उलट बाजूने बघा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा पहिल्या गाडीत १० वाघिणींमध्ये सुमारे ५ लाख लिटर होतं. एका क्युसेकची चारी तेवढं पाणी पाच तासांत देते. ही तुलना मी प्रत्येक बॅचला फळ्यावर करून दाखवतो. तेव्हा वर्गात बसलेली काही मुलं त्या उन्हाळ्यात लातुरातच होती.

पुस्तकात रेनॉल्ड्स संख्या २,३०० दिली आहे. आमची ३,१०० आली. प्रयोग चुकला का?

नाही. उलट तुम्ही काळजीपूर्वक केला असावा.

आधी प्रयोग डोळ्यांसमोर आणा. काचेची लांब नळी, तिच्या तोंडाशी सुईतून सोडलेला रंग. झडप थोडीच उघडली असेल तर रंगाचा धागा सुईत ओवल्यासारखा सरळ, नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हलत नाही. याला स्तरीय, म्हणजे लॅमिनर प्रवाह म्हणतात. झडप हळूहळू उघडत गेलात की धागा दूरच्या टोकाशी थरथरायला लागतो, मग मधूनमधून फुटतो, पुन्हा जुळतो, आणि एका क्षणी नळीभर रंगच रंग होतो. तो संक्षुब्ध, म्हणजे टर्ब्युलंट प्रवाह. उदबत्तीच्या धुरातही हेच दिसतं: खाली सरळ दोरा, वर गेल्यावर गुंता.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये हा प्रयोग करून १८८३ साली प्रसिद्ध केला. वेग गुणिले व्यास, भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (श्यानतेला, म्हणजे द्रायूच्या घट्टपणाला, घनतेने भागून येते ती), ही एकच संख्या प्रवाहाची जात ठरवते असं त्यांनी दाखवलं. साधारण २,००० च्या खाली प्रवाह कितीही ढवळला तरी पुन्हा शांत होतो. पण वरची मर्यादा ठाम नाही. नळीचं तोंड कर्ण्यासारखं गुळगुळीत ठेवून, टाकीतलं पाणी पूर्ण शांत होऊ देऊन रेनॉल्ड्स यांनी १३,००० च्या आसपासपर्यंत सरळ धागा टिकवला होता. पुढे त्याच उपकरणावर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तितकी संख्या गाठता आली नाही, कारण मँचेस्टरच्या रस्त्यांवरची वाहतूक वाढली होती आणि तिचे हादरे नळीपर्यंत पोचत होते.

आपल्या लॅबमध्येही बाजूच्या टेबलावरचा पंप सुरू असेल तर धागा लवकर फुटतो. म्हणून मी टाकी भरल्यावर अर्धा तास कुणाला हात लावू देत नाही. आलेली संख्या आहे तशी लिहा, आणि शेजारी लिहा: पाणी किती वेळ शांत ठेवलं, पंप चालू होता की बंद, पाण्याचं तापमान किती.

तापमान कशाला? पाणी ते पाणी.

इथल्या उन्हाळ्यात तरी असं म्हणता येत नाही. २० अंशांवर पाण्याची श्यानता १ एकक धरली तर ३५ अंशांवर ती ०.७२ होते. पाणी पाव हिश्श्याहून अधिक ‘पातळ’ होतं. एक सेंटिमीटर व्यासाच्या नळीत सेकंदाला २० सेंटिमीटर वेग ठेवा. जानेवारीत, २० अंशांच्या पाण्यात, रेनॉल्ड्स संख्या येते २,०००. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून ३५ अंशांचं पाणी आलं की तीच झडप, तोच वेग, आणि संख्या २,७६०. हिवाळ्याच्या बॅचला सरळ धागा दिसतो, उन्हाळ्याच्या बॅचला फुटलेला. दोन्ही बॅचची जर्नलं खरी असतात. थर्मामीटर न वापरता पुस्तकातली २० अंशांची श्यानता घेतली तर मात्र उन्हाळ्याच्या बॅचचं गणित चुकतं.

ठिबकची व्हेंच्युरी खत ओढत नाही. बर्नोलीचं तत्त्व फेल झालं का?

तत्त्व जागेवर आहे, अट मोडली आहे. नळी मध्येच अरुंद केली की तेवढंच पाणी कमी जागेतून जायचं म्हणून वेग वाढतो, आणि वेग वाढला की तिथला दाब उतरतो. व्यास निम्मा केला तर क्षेत्रफळ चतुर्थांश, वेग चौपट. आधीचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर घशात, म्हणजे त्या अरुंद भागात, दाब पाऊण मीटर पाण्याच्या उंचीइतका उतरतो. वेग ३ मीटर असेल तर तोच उतार ६.९ मीटर, कारण हिशोब वेगाच्या वर्गाने चालतो. घशातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेला तरच बादलीतलं खत वर चढेल.

शेतात बहुतेक वेळा असं झालेलं असतं की व्हेंच्युरी मुख्य लाइनला समांतर जोडली आहे आणि मधली झडप पूर्ण उघडी आहे. पाणी सोप्या वाटेने जातं, व्हेंच्युरीतून पुरेसा वेगच येत नाही. ती झडप हळूहळू बंद करत जा, दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडू द्या, ओढ सुरू होते. तरीही नाही झाली तर ओढनळीच्या जोडात हवा जाते का आणि तिच्या टोकाची जाळी तुंबली आहे का ते बघा. पुढे मोजकेच लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्या) सुरू असतील किंवा ओळ चढावर असेल तर व्हेंच्युरीच्या पुढच्या बाजूचाही दाब वाढलेला असतो.

जोवानी बात्तिस्ता व्हेंच्युरी यांनी या आकाराचा अभ्यास १७९७ साली मांडला. त्याचं मोजयंत्र केलं अमेरिकन इंजिनिअर क्लेमेन्स हर्शेल यांनी, जवळजवळ नव्वद वर्षांनी, आणि नाव मात्र व्हेंच्युरींचं दिलं.

विसर्ग गुणांक म्हणजे काय? आणि तो एकपेक्षा जास्त येऊ शकतो का?

सूत्र सांगतं तेवढं पाणी प्रत्यक्षात कधी येत नाही. घर्षण आहे, भोवरे आहेत. प्रत्यक्ष विसर्ग भागिले सूत्राचा विसर्ग म्हणजे विसर्ग गुणांक. चांगल्या व्हेंच्युरीमीटरचा ०.९७ ते ०.९८ येतो. ओरिफिसचा, म्हणजे धारदार कडेच्या भोकाचा, मात्र ०.६ च्या आसपास. इतका कमी का, हे बघायला पत्र्याच्या डब्याला धारदार कडेचं भोक पाडा. धार भोकातून निघाल्यावर लगेच आवळते. पाण्याला काटकोनात वळता येत नाही, ते कडेकडून तिरकं आत शिरतं आणि बाहेर पडल्यावरही थोडं आत ओढत राहतं. धार भोकापेक्षा बारीक, म्हणून पाणीही कमी.

आता दुसरा भाग. विद्यार्थी असताना माझा व्हेंच्युरीमीटरचा गुणांक आला १.०८. पुन्हा केला, १.०९. आमच्या ग्रुपने ठरवलं की मागच्या वर्षीच्या जर्नलमधून ०.९७ घेऊ आणि रीडिंग उलट्या हिशोबाने बसवू. बसवली, सही मिळाली. लॅबमध्ये पाणी भरणारे एक मामा होते. आठवड्याने ते त्याच मांडणीपाशी बसून, दाबाची पातळी दाखवणाऱ्या काचनळ्यांना जोडलेल्या रबरी नळ्या टिचक्या मारून तपासत होते. मला जवळ बोलावलं आणि घशाकडून येणारी नळी दाखवली. नळीच्या उभ्या भागात बोटाच्या दोन पेरांएवढा हवेचा बुडबुडा अडकलेला होता.

पुढे मी हिशोब मांडला. हवेला वजन जवळजवळ नाही, त्यामुळे ४ सेंटिमीटर उंचीचा बुडबुडा त्या बाजूची पातळी ४ सेंटिमीटरने खोटी वर दाखवतो. घसा ही कमी दाबाची बाजू. तिची पातळी वर सरकली की दोन्हींतला फरक कमी दिसतो. खरा फरक २० सेंटिमीटरचा असेल तर आम्ही वाचत होतो १६. त्याचं वर्गमूळ घेतलं, आणि ०.९७ चा झाला १.०८. आकडा ओरडून सांगत होता की नळीत हवा आहे, आणि आम्ही त्याचं तोंड बंद करून टाकलं होतं. ते जर्नल मी अजून जपून ठेवलं आहे.

तर उत्तर असं: व्हेंच्युरीचा गुणांक एकपेक्षा जास्त आला तर निसर्गनियम मोडलेला नाही, मांडणीत काहीतरी आहे. आधी नळ्यांतली हवा काढा. पंप सुरू करून, मग बंद करून, दोन्ही पातळ्या सारख्या येतात का बघा. शून्य प्रवाहाला शून्य फरक दिसलाच पाहिजे.

मॅनोमीटर वाचताना वरची कड धरायची की खालची?

मॅनोमीटर म्हणजे दाबातला फरक द्रवाच्या पातळीवरून दाखवणारी नळी. तिच्यातली पातळी वाकलेली दिसते. पाण्याची खालची कड, पाऱ्याची वरची, आणि डोळा पातळीसमोर. पारा सांडला तर हात लावू नका, झाडूही नको. लगेच सांगा, खिडक्या उघडा. त्याची वाफ विषारी असते. शक्य तिथे मी आता पाऱ्याऐवजी पाण्याचा उलटा मॅनोमीटर वापरतो.

पिटो नळीने पाटाचा वेग मोजता येईल?

वेगवान पाटाचा, हो. फ्रान्सचे आंरी पिटो यांनी १७३२ साली पॅरिसमध्ये सेन नदीत वाकवलेली काचनळी धरून हेच केलं. नळीचं तोंड प्रवाहासमोर धरलं की पाणी थबकतं आणि नळीत वर चढतं. ५ सेंटिमीटर चढलं तर वेग सेकंदाला १ मीटर. १ सेंटिमीटर चढलं तर ०.४४ मीटर. पण १ मिलिमीटर चढलं तर ०.१४ मीटर, आणि हलत्या पाण्यात एक मिलिमीटर कोण वाचणार? संथ चारीत पिटो उपयोगाची नाही. तिथे तरंगता लाकडाचा तुकडा सोडा, २० मीटर अंतराला वेळ लावा, आणि आलेला वेग ०.८५ ने गुणा. पृष्ठभागाचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा पुढे पळतं म्हणून.

धरणाच्या दरवाज्यातून किती पाणी सुटलं हे कसं कळतं? तिथे कोण बादली धरतो?

दरवाजा किती फूट उघडला आणि मागे पाण्याची पातळी किती, या दोन आकड्यांवरून तक्त्यात बघून. जायकवाडीला असे २७ दरवाजे आहेत. मोठ्या धरणांच्या अशा तक्त्यांमागेही एक गुणांकच असतो, आणि तो बहुधा धरणाच्या लहान प्रतिकृतीवर मोजलेला असतो. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे आणि नाशिकला ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) ही राज्याची संस्था आहे. अशा प्रतिकृती तिथे बांधतात.

प्रतिकृती नुसती लहान करून भागत नाही. मोकळ्या पाण्यात गुरुत्वाचं राज्य असतं, म्हणून फ्रूड संख्या (वेगाची गुरुत्वाशी तुलना करणारी संख्या) दोन्हीकडे सारखी ठेवावी लागते. प्रतिकृती ५० पट लहान असेल तर वेग ७ पट कमी, वेळही ७ पट कमी, आणि विसर्ग जवळजवळ १७,७०० पट कमी. सात तासांचा पूर तिथे एका तासात ओसरतो. रेनॉल्ड्स संख्याही त्याच वेळी सारखी ठेवायची म्हटली तर पाणी वापरून ते जमत नाही. काय सोडायचं आणि काय धरायचं, हा निर्णय प्रयोग करणाऱ्यालाच घ्यावा लागतो. या विषयातलं खरं कौशल्य मला इथे दिसतं.

पाणचक्कीत पाणी भिंतीवर कसं चढतं? पंप तर नव्हता.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचं पाणी शहराबाहेरच्या डोंगराकडच्या झऱ्यातून काही किलोमीटर मातीच्या बंद नळांतून येतं. झरा उंचावर आहे. बंद नळात पाणी खाली उतरून पुन्हा वर चढू शकतं, फक्त सुरुवातीच्या पातळीपेक्षा वर नाही, आणि घर्षणात गेलेली उंची वजा करून. भिंतीवरून ते कोसळतं आणि त्या धारेवर जातं फिरतं. सतराव्या शतकात मलिक अंबरने शहराला नहर दिली, त्याच परंपरेतलं हे काम. तिथे सहलीला जाल तेव्हा धारेची उंची आणि रुंदी अंदाजाने टिपून आणा. शक्ती किती मिळत असेल, हे गणित परतीच्या बसमध्ये सुटतं.

ठिबकचे ड्रिपर सारखं पाणी देतात का, कसं तपासू?

ताशी ४ लिटरच्या ड्रिपरने तीन मिनिटांत २०० मिलिलिटर द्यायला हवं. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या लॅटरलवर, प्रत्येकी सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला सारखे डबे ठेवा. शेवटच्या टोकाला १४० येत असेल तर दाब तिथपर्यंत पोचत नाही. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा गेज बघा. फरक वाढला असेल तर फिल्टर धुवा. गेजवरचा १ किलो म्हणजे १० मीटर पाण्याची उंची. टोकाचे सगळे ठीक आणि मधलाच एखादा कमी असेल तर तो ड्रिपर चोक झाला आहे.

लेझर, पीआयव्ही, हॉट वायर आमच्याकडे नाही. आम्ही मागे पडतो का?

हॉट वायर म्हणजे केसापेक्षा बारीक तापलेली तार. वारा तिला किती थंड करतो त्यावरून वेग. पीआयव्हीत पाण्यात बारीक कण सोडतात, लेझरचा पातळ पडदा पाडतात आणि लागोपाठच्या दोन फोटोंत कण किती सरकले ते बघतात. तत्त्व समजायला मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. परातीत शांत पाणी, त्यात सिरिंजने दुधाचा थेंब, शेजारी मोजपट्टी, आणि वरून कॅमेरा. सीमास्तराची, म्हणजे भिंतीलगत मंदावलेल्या पातळ थराची, कल्पना १९०४ साली मांडणारे लुडविग प्रांटल यांनीही आपले प्रवाह हाताने फिरवायच्या चाकाच्या छोट्या पाणपाटातच बघितले होते.

एका मांडणीवर किती रीडिंग घ्यायची?

मी आठ सांगतो: चार झडप उघडत जाताना, चार बंद करत येताना. दोन्हींत सतत एकाच बाजूचा फरक आला तर दोष उपकरणात किंवा पद्धतीत आहे, आणि शंभर रीडिंग घेतली तरी तो सरासरीने जाणार नाही. फरक कधी वर, कधी खाली असेल तर तो जास्त रीडिंगनी कमी होतो. बाहेर पडलेला बिंदू आलेखावरून पुसू नका, त्याला गोल करा.

लॅब बंद आहे. घरी करता येईल असा एक प्रयोग सांगा.

व्ही-नॉच करा. जाड पत्र्याला ९० अंशांची खाच पाडा. कड धारदार ठेवा, आणि तिरपी घासलेली बाजू पाणी बाहेर पडतं तिकडे करा. चारीत पत्रा उभा रोवून बाजू आणि तळ चिखलाने बंद करा. पडणाऱ्या धारेच्या खाली मोकळी हवा राहिली पाहिजे. धार पत्र्याला चिकटून उतरत असेल तर आकडा खोटा येतो. उंची खाचेत मोजू नका, तिथे पाणी आधीच वाकलेलं असतं. उंचीच्या चौपट मागे खुंटी रोवा, तिचा शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीला लावा, आणि तिथे मोजा. पाणी १० सेंटिमीटर असेल तर एका मिलिमीटरची चूक विसर्गात अडीच टक्के करते. २ सेंटिमीटरच असेल तर साडेबारा टक्के. म्हणून बारीक धारेला अरुंद खाच घ्या, पण मग गुणांकही त्या खाचेचा घ्या. मग तेच पाणी ड्रममध्ये घेऊन घड्याळाने मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा, तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान घालून.